पवनीचा स्तूप आणि त्याचा संघ

वैनगंगेच्या काठी वसलेले, तट व खंदक यांनी वेढलेले पवनी हे भंडारा जिल्ह्यातील प्राचीन नगर होय. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये येथे संयुक्तपणे उत्खनन केले. त्याचा वृत्तांत डॉ. शां. भा. देव व श्री. ज. प. जोशी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडी व चांडकापूरची टेकडी यांच्या पोटात दोन विशाल स्तूप आहेत, हे त्यामुळे अभ्यासकांस ज्ञात झाले.

या शोधाची चर्चा मात्र बहुधा आकारमानापाशीच थांबते. पहिल्या स्तूपाचा व्यास सुमारे ३८ मीटर, दुसऱ्याचा सुमारे ४१. सांचीच्या महास्तूपाचा सुमारे ३६.५. ‘सांचीहूनही मोठा’ हे विधान खरे आहे. परंतु ते विटांच्या राशीविषयी आहे. या राशीभोवती जो भिक्षुसंघ नांदत होता, त्याच्याविषयी त्यातून काहीच कळत नाही.

त्या संघाची साक्ष वेदिकेवरील ब्राह्मी लेखांत आहे. हे लेख त्रोटक आहेत. दात्याचे नाव आणि दानाचा निर्देश, एवढाच त्यांचा ऐवज. त्यांपैकी एका लेखात नाग नामक दात्यास ‘पंचनैकायिक’ म्हटले आहे. बुद्धवचनाचे पाचही निकाय ज्यास अवगत आहेत, तो पंचनैकायिक. हेच बिरुद भारहूतच्या लेखातही येते. म्हणजे भारहूतच्या संघात विद्वत्तेची जी मोजपट्टी मान्य होती, तीच वैनगंगेच्या खोऱ्यातही प्रचलित होती. पवनी ही त्या विद्यापरंपरेची केवळ सीमावर्ती चौकी नव्हती, असे मानावयास येथे आधार मिळतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गृहस्थाने द्यावे व भिक्षूने स्वीकारावे, अशी दानधर्माची रूढ कल्पना आहे. येथे तर पाच निकाय जाणणारा, बहुधा भिक्षूच, स्वतः दाता आहे. स्तूपपूजा ही सामान्य उपासकांची आणि ग्रंथाध्ययन हे भिक्षूंचे, अशी जी विभागणी आपण करीत आलो, ती पवनीच्या या एका लेखापुढे टिकत नाही.

अर्थात एका बिरुदावर फार मोठी इमारत उभारणे योग्य नव्हे. निकाय तेव्हा मुखोद्गत परंपरेने जतन होत असत. म्हणून या लेखावरून पवनीस ग्रंथसंग्रह होता, असे अनुमान काढता येणार नाही. परंतु येथील संघात अध्ययन होते, आणि अध्ययन करणाऱ्यांस स्तूप आपला वाटत होता, एवढे निश्चित म्हणता येते. पवनीचा इतिहास लिहिताना व्यासाचे आकडे मागे ठेवून हे दानलेख प्रथम वाचले पाहिजेत.