छताखालीं छत

उंच कमानदार छताखालीं दुसरें ठेंगणें छत घालणें हें वरवर पाहतां सुताराचें काम आहे; परंतु त्यांत वास्तुकलेचा एक जुना वाद दडलेला आहे. इमारत डोळ्यांसाठीं कीं वापरासाठीं? या वादाचें एक प्रसिद्ध उदाहरण लंडनच्या पार्लमेंटांत घडलें.

ऑक्टोबर १८३४ मधील आगींत वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा बहुतेक जळून गेला. नव्या इमारतीचें काम चार्ल्स बॅरी यांजकडे आलें. कॉमन्स सभेसाठीं त्यांनीं उंच छताचें व उंच खिडक्यांचें दालन उभारलें. ३० मे १८५० रोजीं सभासद तेथें प्रयोगादाखल बसले, आणि बोललेलें नीट ऐकूं येत नाहीं अशी एकच ओरड झाली. अखेर बॅरींच्या मनाविरुद्ध त्या छताखालीं उतरत्या बाजूंचें दुसरें छत घालण्यांत आलें. त्यामुळें खिडक्यांचा वरचा भाग झांकला गेला. पुढें बॅरींनीं तें दालन आपलें म्हणून कधीं मानलें नाहीं, असें सांगतात.

कलावंताचें हें दुःख खरें आहे. तथापि आमचा कौल सभासदांच्या बाजूनें पडतो. देवळाच्या गाभाऱ्यांत घुमणारा नाद भक्तीस पोषक होतो. सभेंत तोच वैरी ठरतो. उंच छतावर आदळून उशिरां परतणारा शब्द पुढील शब्दांवर येऊन बसतो. दालनाचें घनफळ जितकें मोठें, तितका नाद अधिक वेळ रेंगाळतो, हा नियम हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांनीं १८९५ पासून केलेल्या प्रयोगांनीं सिद्ध केला. बॅरींच्या वेळीं हें शास्त्र नव्हतें, म्हणून त्यांस अज्ञानाचा दोष देतां येत नाहीं. परंतु जेथें शब्द हेंच दैवत, तेथें छतानें शब्दापुढें नमावें हेंच योग्य. १८९२ सालीं निवडून आलेल्या दादाभाई नवरोजींनीं हिंदुस्थानची कैफियत याच ठेंगण्या छताखालीं मांडली. ती ऐकूं जाणें खिडकीच्या शोभेहून आपणांस मोलाचें वाटणार नाहीं काय?

दोष छत खालीं आणण्यांत नव्हता. खिडक्या होत्या तशाच ठेवून तें मध्येंच आडवें घालण्यांत होता. छत बदललें म्हणजे खिडकी, भिंत आणि उजेड यांचें प्रमाणही नव्यानें बांधावें लागतें. मे १९४१ मध्यें बाँबहल्ल्यांत तें दालन नष्ट झालें. १९५० सालीं उघडलेल्या नव्या दालनांत जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनीं जुनें आटोपशीर मापच राखलें. सभागृह लहान असावें, म्हणजे चर्चेंत संभाषणाचा जिवंतपणा राहतो, असा आग्रह चर्चिल यांनीं १९४३ सालींच धरला होता.

हा धडा दूरचा नव्हे. आपल्याकडेही जुन्या कचेऱ्यांतील दगडी कमानींखालीं थंड हवेच्या यंत्रांसाठीं सपाट तक्तपोशी ठोकलेली दिसते. अशा कामास आम्ही तीन प्रश्न विचारूं. तिचा भार भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या तुळयांवर आहे, कीं जुन्या कमानींतच खिळे मारून ती टांगली आहे? ती खिडकीच्या माथ्यास कापते काय? आणि वरच्या पोकळींत माणसास शिरतां येतें काय? न आल्यास गळती आणि वाळवी आपलें काम निमूटपणें करीत राहतील, व घरधन्यास तें कळेल तेव्हां फार उशीर झालेला असेल.

या तिन्हींचें उत्तर समाधानकारक असेल, तर खालच्या छतास आमचा विरोध नाहीं. गरज सरल्यावर तें उतरवितां यावें आणि वरची कमान पुन्हां जशीच्या तशी दिसावी, एवढीच आमची अपेक्षा. पूर्वजांच्या कामावर आपल्या सोयीचा पडदा टाकण्याचा अधिकार आपणांस आहे. तें काम मोडण्याचा नाहीं.