मजबूत जोड म्हणजे चांगली दुरुस्ती का? जुन्या जावानीज तलवारीच्या मुठीच्या निमित्ताने



जावा बेटावरची एक जुनी तलवार तुमच्या टेबलावर आहे असे समजा. पाते शाबूत आहे, पण म्हशीच्या शिंगाची मूठ उभी तडकून तिचा तुकडा निघाला आहे. अशा वेळी सर्रास सांगितला जाणारा उपाय असा : भेगेत इपॉक्सी भरा, आडवे भोक पाडून पोलादी पिन ठोका, घासून पॉलिश करा. जोड मूळ मुठीपेक्षा भक्कम होतो. माझ्या मते हाच या दुरुस्तीचा मुख्य दोष आहे.

१. मूठ का तडकते?

पात्याचा निमुळता शेवट मुठीच्या पोकळीत बसलेला असतो. जावात त्याला ‘पेसी’ म्हणतात. दमट हवेत पेसी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि पाचरीसारखा मुठीला आतून फाकवतो. शिवाय शिंग ओलाव्याने फुगते, कोरड्या हवेत आकसते. पोलाद तसे करत नाही. म्हणजे भेग हे लक्षण आहे, कारण आत आहे.

गंज तसाच ठेवून इपॉक्सी भरली तर कारण फक्त झाकले जाते. पुढची भेग मग जोडात पडत नाही. ती शेजारच्या मूळ शिंगात पडते. पिनेच्या भोकाभोवती ताण एकवटतो, तिथेही तेच होते. यंत्रात आपण शिअर पिन का लावतो ते आठवा. जादा भार आला तर स्वस्त पिन तुटावी आणि शाफ्ट वाचावा, म्हणून. जुन्या वस्तूत जोडाने हेच काम करायचे असते.

२. जोड सोडवता आला पाहिजे

इपॉक्सी थर्मोसेट आहे. तिच्या रेणूंचे जाळे एकदा तयार झाले की ती पुन्हा विरघळत नाही. संग्रहालयांत वापरले जाणारे पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक थर्मोप्लास्टिक आहे. ते ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळते. ही कल्पना नवी नाही. आपल्याकडच्या अनेक तलवारींच्या मुठी राळेने किंवा लाखेने बसवलेल्या असत, ऊब दिली की त्या सुटत. जावातल्या क्रिस या खंजिराची मूठ तर पेसीभोवती कापड गुंडाळून नुसती घट्ट बसवतात. सुरो महिन्यात पाते विधिपूर्वक धुताना ती काढता येते. कायमचा जोड या रीतीच्याच विरुद्ध जातो.

३. दोन आक्षेप

पहिला : जावात मुठी बदलण्याची पद्धत होतीच, मग नवी का बसवू नये? जरूर बसवावी, पण तुटलेली मूठ टाकू नये. ती पुरावा आहे. दिपोनगोरो या राजपुत्राचा म्हणून ओळखला गेलेला क्रिस नेदरलँड्सने २०२० मध्ये इंडोनेशियाला परत दिला. त्याची ओळख पटवताना वस्तूचे बारकावे जुन्या कागदपत्रांशी ताडून पाहावे लागले. बारकावे घासून टाकले तर ताडायचे कशाशी? १९६४ ची व्हेनिस सनद वास्तूंसाठी आहे, पण तिचे एक तत्त्व इथेही लागू पडते : नवा भाग एकूण वस्तूत शोभावा, तरी तो नवा आहे हे ओळखता यावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पॅरालॉइड बी-७२ सुमारे ४० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. आपल्या उन्हाळ्यात, बंद काचपेटीत, जोड हळूहळू सरकू शकतो. म्हणून अशी तलवार मुठीला धरून उचलू नये, पात्याला खालून आधार द्यावा. ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. तरीही सरकलेला जोड पुन्हा बसवता येतो. फाटलेले शिंग पूर्ववत होत नाही.

४. कामाचा क्रम

आधी छायाचित्रे आणि मापे घ्या. हातमोजे घाला, कारण जावात पात्यांवर सोमलाची प्रक्रिया करण्याची पद्धत आहे. पेसीवरचा सुटा गंज काढा. मग तुकडा चिकटवा आणि काय वापरले ते लिहून ठेवा. बर्नर वापरू नका. शिंग जळेल, पात्याचे पाणी उतरेल.

विचारासाठी प्रश्न : तुमच्या प्रयोगशाळेत जोडाची परीक्षा तो किती भार सोसतो यावर होते. ‘तो तुटला तर सोबत काय तुटेल?’ हे मोजायचे असेल, तर तुम्ही कोणती चाचणी आखाल?