क्लिपमध्ये न दिसणारं कावासाकी

सोशल मीडियामुळे राजकारण बदलतं, या म्हणण्याला पुरावा म्हणून 5 जून 2016 चं कावासाकी अगदी फिट बसतं. कोरियन वंशाच्या रहिवाशांविरुद्ध द्वेषाचा मोर्चा निघणार होता. ट्विटरवर हाक गेली, शेकडो लोक आडवे आले, काहीजण रस्त्यातच बसले आणि मोर्चा काही पावलांतच गुंडाळला गेला. व्हिडिओ बघून बरं वाटतं. पण 'हॅशटॅगनं मोर्चा रोखला' ही गोष्ट मला अर्धीच वाटते.

एक तर हत्यार दोघांचंही तेच होतं. 'झाइतोकुकाई'सारख्या परदेशीद्वेष्ट्या संघटना आधी इंटरनेटवर वाढल्या आणि मग रस्त्यावर आल्या. व्हिडिओ अपलोड करणं हाही त्यांच्या मोर्चाचाच भाग असायचा.

दुसरं म्हणजे तारखा. मोर्चेकऱ्यांचा रोख होता साकुरामोतोवर. कारखान्यांच्या पट्ट्यातली ही वस्ती. जपानी वसाहतवादाच्या काळात आलेल्या कोरियन कामगारांचे वंशज इथे पिढ्यान् पिढ्या राहतात. मार्च 2016 मध्ये इथल्या एका रहिवासी महिलेने संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली. 24 मे रोजी द्वेषपूर्ण वक्तव्यांविरुद्धचा कायदा मंजूर झाला. 31 मे रोजी महापौरांनी मोर्चेकऱ्यांना बाग वापरायची परवानगी नाकारली. 2 जूनला कोर्टाने तिथल्या एका सामाजिक संस्थेपासून 500 मीटरच्या आत मोर्चा काढायला मनाई केली. म्हणून तर मोर्चा नाकाहारा वॉर्डात सरकला होता! म्हणजे क्लिपमधला 'क्लायमॅक्स' शूट होण्याआधीच बरीचशी लढाई लढून झाली होती. साक्ष, अर्ज, सुनावणी यांचे रील कोण बघणार?

मीडिया लिटरसी म्हटलं की आपण फॅक्ट-चेकवर थांबतो: व्हिडिओ खरा की खोटा? इथे व्हिडिओ शंभर टक्के खरा आहे. तरी त्यातून निघणारा निष्कर्ष चुकू शकतो, कारण चौकटीत गर्दी मावते, आधीची कागदपत्रं मावत नाहीत.

हेच आपल्याकडे लावून बघा. जुलै 2025 च्या सुरुवातीला, मराठी बोलण्याच्या वादातून मनसे कार्यकर्त्यांनी मीरा रोडच्या एका दुकानदाराला मारहाण केल्याची क्लिप व्हायरल झाली. परदेशातल्या आपल्या ग्रुप्सवरही ती फिरली आणि दोन तट पडले. पण त्याच सुमारास, 29 जूनला, राज्य सरकारने पहिलीपासून हिंदीचे दोन्ही जीआर मागे घेतले होते. 16 एप्रिलच्या जीआरमध्ये 'अनिवार्य' हा शब्द होता. 17 जूनच्या जीआरमध्ये त्या जागी 'सर्वसाधारणपणे' आला. वर अट अशी, की दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान 20 विद्यार्थी हवेत. हा बदल वरवरचा आहे हे ओळखलं ते जीआर बारकाईने वाचणाऱ्यांनी. विरोध टिकला त्यामागे हे वाचनही होतं. मराठीच्या नावाने आपण भांडलो ते मात्र एका थपडेवर. ज्याला मार बसला त्याचं दुःख खरंच आहे. पण भाषा-धोरणाबद्दल ती क्लिप आपल्याला काहीच सांगत नाही.

कावासाकीची गोष्ट पुढेही चालू राहिली. डिसेंबर 2019 मध्ये शहराने स्वतःचा कायदा केला. वारंवार सूचना देऊनही कुणी सार्वजनिक जागी द्वेष पसरवत राहिलं, तर 5 लाख येनपर्यंत दंड. अशा फौजदारी दंडाची तरतूद जपानमध्ये पहिल्यांदाच झाली. पण हा दंड लाउडस्पीकर, फलक आणि पत्रकांना लागू आहे. ऑनलाइन पोस्टसाठी दंड नाही. शहर फार तर ती हटवण्याची विनंती करू शकतं. ज्या माध्यमाला आपण बदलाचं श्रेय देतो, तिथेच कायद्याचा हात आखडतो. ऑनलाइन लक्ष्य झालेल्या त्याच महिलेला शेवटी स्वतः कोर्टात जावं लागलं. ऑक्टोबर 2023 मध्ये कोर्टाने पोस्ट करणाऱ्याला 19 लाख 40 हजार येन भरपाई द्यायला लावली.

इथे जपानमध्ये आपण 'बाहेरचे', तिकडे महाराष्ट्रात 'भूमिपुत्र'. एकच माणूस दोन्हीकडच्या क्लिप फॉरवर्ड करतो, आणि 'परत जा' हे शब्द त्याला एकीकडे बोचतात, दुसरीकडे चालून जातात. म्हणून पुढची क्लिप आली की ती खरी आहे का हे बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. तिच्या आदल्या आठवड्यात कुठला कागद निघाला होता, तोही शोधा. आणि क्लिपमधल्या जमावाच्या समोर आपण उभे असतो तर काय वाटलं असतं, हेही स्वतःला विचारा.