पळावयाची वाट

मेजाभोंवतीं चार-सहा जणांनीं बसावयाचें, त्यांतील एकानें सूत्रधार होऊन सृष्टि उभी करावयाची, इतरांनीं एकेका पात्राची भूमिका घ्यावयाची, आणि धाडस साधलें कीं फसलें याचा निवाडा फांशांवर सोपवावयाचा, अशा स्वरूपाचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केला. कित्येकांस तो पोरखेळ वाटतो. मला तो नाट्याचाच एक प्रकार वाटतो. म्हणून त्यांतील एका प्रश्नाचा विचार येथें करणें अनुचित होणार नाहीं. ज्याच्याशीं लढणें म्हणजे मरणें, असा शत्रु सूत्रधारानें खेळाडूंपुढें आणावा काय, आणि आणावयाचा तर कसा?

गेल्या दिवाळींत माझ्या भाच्यानें मला या खेळास बसविलें. खिंडीच्या तोंडाशीं एक ड्रॅगन निजला होता. मीं तलवार उपसली, आणि दुसऱ्याच फेरींत माझ्या पात्राची राख झाली. “मामा, तुम्ही पळालांत कां नाहीं?” असें त्यानें विचारलें. पळावयाचें असतें हें मला ठाऊकच नव्हतें! पुढें ठेविलेला शत्रु जिंकण्याजोगाच असणार, असें मीं गृहीत धरिलें होतें.

हा समज खेळाडूच्या मूर्खपणांतून उपजत नाहीं. नियमच तो शिकवितात. आरंभींच्या नियमांत अनुभवाचे गुण मुख्यतः बाहेर आणलेल्या धनाबद्दल मिळत, मारलेल्या प्राण्यांबद्दल थोडे. त्यामुळें शत्रूस चुकवून जाणें हेंच शहाणपण ठरे. टॉम मोल्ड्व्हे यांच्या १९८१ च्या आवृत्तींत तर पाठलाग करणाऱ्यापुढें अन्न किंवा सोनें टाकून त्यास थोपविण्याचीही सोय आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें प्रत्येक शत्रूच्या सामर्थ्यास आंकडा दिला. शंभरांत पांच प्रसंग आवाक्याबाहेरचे असावेत, असें तिचें सूत्रधारासाठीं लिहिलेलें पुस्तकच सांगतें. परंतु गुण मिळावयाचे ते मुख्यतः शत्रूस नमविल्याबद्दल. मग खेळाडूनें कोणता धडा घ्यावा? याउलट सँडी पीटरसन यांच्या १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’मध्यें त्या महाभूतांशीं झुंजणारा वांचत नाहीं, हें बसतांनाच सर्वांस ठाऊक असतें, तेथें कोणाची फसगत होत नाहीं.

तेव्हां अजिंक्य शत्रु अवश्य आणावा, पण दोन गोष्टी सांभाळून. पहिली चाहूल: करपलेलीं झाडें, वितळलेली ढाल, ओस पडलेलें गांव हीं गांठ पडण्यापूर्वींच दिसलीं पाहिजेत. दुसरी वाट: चिलखताच्या भारानें मंदावलेला वीर उडत्या ड्रॅगनपुढें पावलांच्या हिशेबानें कधींच निसटणार नाहीं, म्हणून कांहीं मोल देऊन सुटण्याचा उपाय सूत्रधारानें खरोखरच ठेविला पाहिजे. चाहूल दिल्यानें भय ओसरतें, असा आक्षेप घेण्यांत येतो. तो मला पटत नाहीं. शोकान्त नाटकाचा शेवट माहीत असूनही प्रेक्षकाचा जीव कासावीस होतोच. आणि येथें तर तो शेवट टाळणें त्याच्याच हातीं असतें.

पुढच्या बैठकींत भाच्यानें वाटेवर एक वितळलेली ढाल ठेविली. शिधा लादलेलें खेंचर ड्रॅगनपुढें सोडून आम्ही पळालों. उपाशीं पोटीं खिंडीपलीकडे पोंचतांना मला जो आनंद झाला, तो त्या खेळांतील माझ्या एकाही विजयानें दिलेला नाहीं.