सीलंटच्या ट्यूबवरील शब्द आणि आतील रसायन

पावसाळा तोंडावर आला की हार्डवेअरच्या दुकानांत सीलंटच्या ट्यूबा खपू लागतात. खिडकीची चौकट आणि भिंत यांतील फट, न्हाणीघरातील टाइल्सचे सांधे, बेसिनची कड, सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीची काच अशा ठिकाणी पाणी झिरपू नये म्हणून हा चिकट लगदा गनने भरला जातो. घरात तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर चौकस ग्राहक 'कमी विषारी' सीलंट मागतो. मग दुकानदार ट्यूबवरील शब्दांवर बोट ठेवतो: न्यूट्रल, लो-व्हीओसी, ओडरलेस, नॉन-टॉक्सिक. घर-सजावटीच्या पुरवण्यांतील सल्ल्याचे सारही बहुधा एवढेच असते. या शब्दांत लबाडी असतेच असे नाही. त्यांतील प्रत्येकामागे काही ना काही खरे मोजमाप किंवा निरीक्षण आहे. माझा आक्षेप असा की, ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकाही शब्दात नाही, आणि तरीही ते उत्तर म्हणून खपते.

हा आक्षेप समजण्यासाठी सिलिकॉन सीलंट घट्ट कसे होते ते पाहू. ट्यूबमध्ये सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू एकाआड एक गुंफलेल्या लांब साखळ्या असतात. या साखळ्या सुट्या असतात तोवर पदार्थ मऊ राहतो. त्यांना एकमेकींशी बांधण्यासाठी एक लहान रेणू मिसळलेला असतो; आपण त्याला जोडरेणू म्हणू. ट्यूबबाहेर पडताच हवेतील बाष्प जोडरेणूवर क्रिया करते, त्याला चिकटलेले गट सुटतात आणि मोकळ्या झालेल्या जागी साखळ्या बांधल्या जातात. सुटलेले गट वायुरूपाने बाहेर पडतात. ही क्रिया पृष्ठभागाकडून आत जाते आणि दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर एवढाच थर पक्का होतो. कोरड्या हवेत ती मंदावते, पावसाळी हवेत वेगाने होते. तेव्हा विषारीपणाच्या दृष्टीने पहिला प्रश्न हा की, सुटून बाहेर पडणारा पदार्थ कोणता?

सर्वांत जुन्या व स्वस्त प्रकारात तो ॲसेटिक आम्ल असतो. अशा सीलंटला व्हिनेगरचा झणझणीत वास येतो आणि घरातली माणसे नाक दाबून म्हणतात, "किती विषारी आहे हो हे!" अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना येथे एक हिशेब घालता येईल. ट्यूबमध्ये ३०० ग्रॅम सीलंट आहे आणि त्यात ५ टक्के, म्हणजे १५ ग्रॅम, मिथिलट्रायॲसिटॉक्सिसिलेन हा जोडरेणू आहे असे समजू. त्याचा रेणुभार २२०. एका रेणूपासून ॲसेटिक आम्लाचे तीन रेणू मिळतात. त्यांचा एकत्रित भार १८०. म्हणजे संपूर्ण ट्यूबमधून फार तर १२ ग्रॅम आम्ल सुटेल. बाजारातील व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते, तेव्हा हे प्रमाण २५० ते ३०० मिलिलिटर व्हिनेगरमधील आम्लाइतके झाले. दम्याच्या रुग्णाने त्या खोलीत बसू नये हे खरेच. डोळे व घसा चुरचुरतो. पण आम्लाचा वास आपल्याला खोलीबाहेर काढतो आणि काही दिवसांत ते उडून जाते.

आता 'न्यूट्रल' प्रकार घेऊ. ॲसेटिक आम्ल संगमरवर व सिमेंटवर क्रिया करते, तांब्यासारख्या धातूंना गंज आणते. म्हणून बांधकाम व्यवसायाला असा जोडरेणू हवा होता की ज्यातून आम्ल सुटणार नाही. रसायनशास्त्रज्ञांनी तो दिला. त्यातला फार वापरला गेलेला प्रकार ऑक्झाइमचा. त्यातून ब्यूटॅनोन ऑक्झाइम नावाचा पदार्थ सुटतो; तो आम्लही नाही आणि जोरकस अल्कलीही नाही, म्हणून सीलंट 'न्यूट्रल'. शब्द अगदी अचूक आहे. मात्र तो दगड आणि धातू यांच्या बाजूने बोलतो, माणसाच्या फुप्फुसाच्या बाजूने नव्हे. शाळेत आपण 'उदासीन' हा शब्द लिटमसच्या संदर्भात शिकवतो. दुकानात येईपर्यंत त्याचा अर्थ 'निरुपद्रवी' असा होऊन बसतो.

याच ब्यूटॅनोन ऑक्झाइममुळे उंदीर-घुशींवरील प्रयोगांत यकृताच्या गाठी आढळल्या. त्या आधारे युरोपीय संघाने त्याला कर्करोगकारकांच्या १बी गटात घातले आणि हे वर्गीकरण १ मार्च २०२२ पासून लागू झाले. १बी याचा अर्थ, मुख्यत्वे प्राण्यांवरील पुराव्यावरून माणसालाही धोका आहे असे धरून चालायचे. वरचाच हिशेब येथे केला तर १५ ग्रॅम जोडरेणूतून सुमारे १३ ग्रॅम ऑक्झाइम सुटते. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या बंद खोलीत, म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवेत, ते एकदम मिसळले तर दर घनमीटरला ४६० मिलिग्रॅम भरेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. पूर्ण ट्यूब क्वचितच एका खोलीत संपते, वायू कित्येक दिवस थोडा थोडा सुटतो आणि हवा खेळती असते. हा आकडा घाबरवण्यासाठी दिलेला नाही. खिडकी उघडी ठेवणे हा उपचार आहे की उपाय, एवढे त्यावरून ठरवता यावे.

ऑक्झाइमचा वास आम्लाइतका झोंबत नाही. त्यामुळे 'वास नाही म्हणजे विष नाही' हा आपला घरगुती नियम नेमका उलटा पडतो. व्हिनेगरच्या वासाचे सीलंट आपण नाकारतो आणि दुसरे हौसेने आणून, त्याच दिवशी मुलाला त्या खोलीत निजवतो. न्यूट्रल सीलंटचा आणखी एक प्रकार आहे, त्यातून मेथॅनॉल किंवा एथॅनॉल सुटते. मेथॅनॉल प्यायले तर काय होते हे विषारी दारूच्या बातम्यांतून सर्वांना ठाऊक आहे, परंतु खिडकीच्या कडेच्या सीलंटमधून, खेळत्या हवेत सुटणाऱ्या प्रमाणात, मी ऑक्झाइमपेक्षा त्याला पसंती देईन. पण ट्यूबच्या दर्शनी बाजूला दोन्हींवर शब्द एकच असतो, 'न्यूट्रल'.

'लो-व्हीओसी'ची कथा याहून बोधप्रद आहे. बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचे नियम जन्मले ते लॉस एंजेलिसच्या धुरकटातून. १९५० च्या दशकाच्या आरंभी एरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की हायड्रोकार्बन संयुगे, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सूर्यप्रकाश यांच्या संयोगाने हवेत ओझोन तयार होतो. पुढे अमेरिकेच्या कायद्यात व्हीओसीची जी व्याख्या आली ती या प्रकाश-रासायनिक क्रियांत भाग घेणाऱ्या संयुगांची. जी संयुगे नगण्य भाग घेतात ती व्याख्येतून वगळली गेली. ॲसिटोन १९९५ मध्ये वगळले गेले, त्याला कोणाची हरकत असू नये. पण डायक्लोरोमिथेनही वगळलेलेच आहे. कारण त्याच्यापासून ओझोन फारसा होत नाही. या द्रावकाच्या वाफांनी बंद जागेत काम करणारी माणसे दगावली आणि अखेर २०१९ मध्ये ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या रंग खरवडण्याच्या द्रावणांत त्याच्या वापरावर अमेरिकेत बंदी आली. व्हीओसीच्या मोजपट्टीवर मात्र ते शून्य!

युरोपात रंगांसाठी केलेल्या नियमात कसोटी उत्कलनबिंदूची आहे: २५० अंश सेल्सियसपर्यंत उकळणारे ते व्हीओसी. २५५ अंशांना उकळणारे द्रावक त्यातून सुटते आणि सावकाश, पण अधिक काळ, खोलीत येत राहते. शिवाय हे मोजमाप वजनाचे, लिटरला अमुक ग्रॅम असे. त्यात ॲसेटिक आम्लाचा एक ग्रॅम आणि ब्यूटॅनोन ऑक्झाइमचा एक ग्रॅम यांत फरकच नाही. शहराच्या हवेसाठी हा नियम उपयोगी आहे आणि तो असावा. खोलीतील माणसाच्या प्रकृतीचा प्रश्न मात्र तो विचारतच नाही.

राहिला 'नॉन-टॉक्सिक'. त्याचा अर्थ बहुधा 'पूर्ण घट्ट झाल्यावर' असा असतो. शाळेतील मत्स्यपात्रे काचा सिलिकॉनने चिकटवून केलेली असतात आणि मासे त्यात मजेत राहतात, हे या दाव्याच्या बाजूचे चांगले उदाहरण. तरीही मत्स्यपात्र बनवणारे न्हाणीघरासाठीचे सीलंट वापरत नाहीत, कारण त्यात काळी बुरशी धरू नये म्हणून बुरशीनाशक घातलेले असते व ते हळूहळू पाण्यात उतरते. तेव्हा घट्ट झालेला पदार्थ गप्प असतोच असे नाही.

याचा सर्वांत महागडा धडा शाळांच्याच इमारतींनी दिला आहे. अमेरिकेत १९५० ते १९७० च्या दशकांत सांधे भरण्याच्या काही मिश्रणांत, ती लवचिक राहावीत म्हणून, पीसीबी ही क्लोरिनयुक्त संयुगे घालत. न जळणारी, न उडणारी, वर्षानुवर्षे टिकणारी म्हणून ती वाखाणली गेली होती. त्यांच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातील २४ इमारतींतील सांध्यांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८ इमारतींत पीसीबीचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० भागांपेक्षा अधिक निघाले, आणि त्या इमारतींत शाळाही होत्या. भरणाऱ्या कारागिरांच्या नाकाला त्यात काही वावगे वाटले नसेल. आज लवचिकतेसाठी दुसरे पदार्थ वापरतात, त्यांत काही सीलंटमध्ये थॅलेट गटातील संयुगे असतात. पहिल्या आठवड्यात काय उडून जाते या प्रश्नाइतकाच दहा वर्षे काय पाझरते हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याला ट्यूबवर जागाच नसते.

मग जुने, नैसर्गिक तेच बरे, असे म्हणणारे लगेच भेटतील. खडूची पूड व जवसाचे तेल मळून केलेली सुताराची लांबी खरोखरच चांगली वस्तू आहे. लाकडी चौकटीत काच बसवायला मी आजही तिची शिफारस करेन. पण जवसाचे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजन घेते आणि आल्डिहाइडे सोडते; तो विशिष्ट वास त्यांचाच. त्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आपोआप पेटूही शकतो. नळजोडणीसाठी वापरायचा जुना सफेता आणि तेलात कालवलेला शेंदूर ही दोन्ही शिशाची संयुगे होती. परंपरेचा शिक्का हाही शेवटी ट्यूबवरच्या शब्दांसारखाच एक शब्द.

पॉलियुरेथेन सीलंटबद्दल थोडेच सांगतो. त्यात आयसोसायनेट गट असतात. हे नाव ऐकले की १९८४ चे भोपाळ आठवते. तेथील मिथिल आयसोसायनेट अत्यंत बाष्पनशील होते. सीलंटमधील आयसोसायनेट त्या मानाने फारच कमी उडते, ही तुलना सरसकट करू नये. पण एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढे अत्यल्प संपर्कानेही दमा उसळतो. युरोपात ०.१ टक्क्याहून अधिक मुक्त डायआयसोसायनेट असलेली उत्पादने व्यवसायात वापरणाऱ्यांना २४ ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षण सक्तीचे आहे. गच्चीवरच्या भेगेसाठी, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून ते वापरावे. झोपायच्या खोलीत त्याचे काम नाही.

माझ्या पसंतीचा क्रम विचाराल तर: भिंत आणि चौकट यांतल्या कोरड्या जागच्या फटीला पाण्यात मिसळलेले ॲक्रिलिक, मात्र ते वाळताना आकसते म्हणून दोन थरांत, काच व चिनी मातीला व्हिनेगरच्या वासाचे सिलिकॉन, संगमरवर, सिमेंट किंवा धातूला अल्कोहोल सोडणारे न्यूट्रल. बुरशीनाशक फक्त ओल्या जागी. हे ओळखायचे कसे? उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक मागावे. त्यात १६ विभाग असतात. दुसऱ्यात धोके आणि तिसऱ्यात घटक. तेथेही एक मेख आहे. घटकांत जोडरेणूचे नाव असते. त्यातून सुटणारा पदार्थ ट्यूबमध्ये जवळजवळ नसतोच, तो नंतर तयार होतो. म्हणून जोडरेणूच्या नावात 'ॲसिटॉक्सि', 'ऑक्झिमो' की 'मिथॉक्सि' हे शोधावे. एवढे वाचता येण्यापुरते सेंद्रिय रसायन बारावीच्या विद्यार्थ्याला येते.

आणि हे पत्रक घरमालकापेक्षा जास्त गरजेचे आहे ते ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्या कारागिराला. घरमालकाचा संबंध एका दुपारचा. त्याचा रोज आठ तासांचा. तो सीलंटची कड उघड्या बोटाने सारखी करतो आणि संध्याकाळी हात थिनरने पुसतो, जे बहुतेक वेळा सीलंटपेक्षा वाईट असते. 'कमी विषारी' हा शब्द वापरताना हा माणूस कोणाच्याच हिशेबात नसतो.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. दोन प्लॅस्टिकच्या झाकणांत दोन प्रकारच्या सिलिकॉनचे पातळ थर पसरा व त्यांवर ओला निळा लिटमस टांगता धरा. एकावर तो लाल होईल, दुसऱ्यावर निळाच राहील. लिटमसने दुसऱ्याबद्दल काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे मुलांना लिहायला लावा. तिसऱ्या झाकणात ५० ग्रॅम ॲक्रिलिक पसरून तिन्ही झाकणे स्वयंपाकघरातील साध्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आठवडाभर रोज तोला आणि आलेख काढा. सर्वांत अधिक घट ॲक्रिलिकची येईल, आणि ते बहुतांशी पाणी असेल. झाकणे खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवावीत, वर्गात नव्हे.