जनीची शिवी आणि नास्तिकाचं मरण

मंडळी, देव मानणाऱ्याला मरण सोपं जातं आणि न मानणाऱ्याला अवघड, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा बोललं जातं की ते कुणी तपासून पाहत नाही. याच्या उलट वाक्यही ऐकू येतं. ते सहसा शहरात, चहाच्या टेबलावर: धर्म हा मरणाच्या भीतीतूनच जन्मला, भीती गेली की धर्म गेला. आज आपण ही दोन्ही वाक्यं बाजूला ठेवू आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईच्या कवितेकडे बघू. ती बाई गंगाखेडची जनाबाई.

गंगाखेडला लोक दक्षिण काशी म्हणतात. गोदावरीच्या काठावर अस्थी घेऊन माणसं येतात, डोकं भादरतात, पिंड ठेवतात, कावळ्याची वाट बघतात. ज्या गावात मरणाचा विधी हा रोजचा व्यवहार आहे, त्याच गावात परंपरेप्रमाणे दमा आणि करुंड यांच्या पोटी जनी जन्मली. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी दासी म्हणून गेली. आई गेली, बाप गेला, आता सांभाळायचं तुझ्याकडे लागलं, असं ती विठ्ठलाला सांगते तेव्हा त्यात भक्तीपेक्षा हिशेब जास्त आहे. अनाथ पोरगी देवाला जबाबदारी नेमून देते आहे.

पण आम्हाला आज बोलायचं आहे ते तिच्या दुसऱ्या एका अभंगाविषयी. जनी अंगणात उभी आहे आणि विठ्ठलाला शिव्या देते आहे. एकेरीच्याही खाली उतरून हाक मारते. त्याची बायको विधवा झाली म्हणते. त्याचं प्रेत निघालं म्हणते. आणि ते प्रेत बघून प्रत्यक्ष काळाला, म्हणजे मरणाच्या देवाला, रडू फुटतं असं सांगते.

आता या अभंगाचं काय करायचं हा कीर्तनकारांपुढचा जुना प्रश्न. बहुतेक जण "लाडिक भांडण" म्हणून पुढे जातात. लेकरू आईला बोलतं तसं, वगैरे. आम्हाला हे पटत नाही. मराठवाड्यातल्या खेड्यात आजही बाई खरोखर संतापली की "मढं बशिवलं तुझं" म्हणते. ती शिवी लाडाची नसते. जिच्या हातात दुसरं काहीच नाही, तिची ती शेवटची वस्तू असते. जनीनं ती देवावर खर्च केली.

बघा, युरोपात देव मेला असं नीत्शेनं १८८२ साली लिहिलं आणि तत्त्वज्ञानात केवढी खळबळ झाली. आपल्याकडे दळण दळणारी एक दासी त्याच्या पाचशे वर्षं आधी देवाची अंत्ययात्रा काढते, आणि आपण तिचा फोटो देवघरात लावतो. दोन्हींत फरक आहे, तो झाकायचा नाही. नीत्शेचा देव मेल्यावर परत येत नाही. जनीचा देव शिव्या खाऊन दुसऱ्या दिवशी जात्यापाशी बसायला येतो. म्हणजे जनी नास्तिक नाही. पण तिची आस्तिकता गप्प बसवणारी नाही, हे महत्त्वाचं. "प्रारब्ध" हा शब्द ऐकून मान खाली घालणारी ही बाई नव्हे.

याच परंपरेतला दुसरा मजकूर म्हणजे नामदेवांचं 'समाधी' प्रकरण. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्याचं वर्णन. आत्मा अमर आहे, देह हे वस्त्र आहे, हे ज्यांना तोंडपाठ होतं अशी सगळी माणसं तिथं जमलेली. खुद्द ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका लिहिलेली. मग सिद्धान्ताप्रमाणे तिथं शांतता असायला हवी. प्रत्यक्षात नामदेव लिहितात तो आकांत आहे. एका बाजूनं देव आणि एका बाजूनं निवृत्तिनाथ हात धरून त्यांना नेतात, आणि थोरल्या भावाला दाराशी शिळा लावायला लागते. निवृत्तिनाथ गुरूही होते आणि भाऊही. गुरू शिळा लावतो आणि भाऊ कोसळतो. इथं श्रद्धेनं दुःख कमी केलं असं म्हणायला या मजकुरात काही आधार नाही. श्रद्धेनं एवढंच केलं की रडायला देवालाही सोबत बसवलं. आमच्या मते हे थोडं नाही. पण हे "मरण सोपं जातं" यापेक्षा अगदी वेगळं आहे.

आता हेच संत-मंडळ किती दूर गेलं आणि कुठं अडलं, तेही बोललं पाहिजे. चोखामेळा १३३८ साली मंगळवेढ्याला मेले. गावकुसाचं काम चालू होतं, भिंत कोसळली, मजूर दबले. हाडं कुणाची हे ओळखू येईना, तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती नामदेवांनी चोखोबांची म्हणून उचलली आणि पंढरपूरला आणली, अशी कथा आहे. कथा फार सुंदर आहे. पण ती हाडं कुठं पुरली? महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेर. जिवंतपणी आत जाता येत नव्हतं, मेल्यावरही नाही. ते दार दलितांसाठी उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. सहाशे नऊ वर्षं. मरण सगळ्यांना सारखं करतं असं म्हणणाऱ्यांनी पंढरपूरच्या त्या पायरीपाशी उभं राहून ते वाक्य पुन्हा म्हणून बघावं. नामदेव, जनी आणि घरचे लोक १३५० साली त्याच दारात पायरीशी विसावले, असं वारकरी मानतात. नामदेवांनी ती जागा मागून घेतली, संतांचे पाय लागावेत म्हणून. चोखोबांना ती नेमून मिळाली. जागा जवळजवळ एकच, अर्थ दोन.

म्हणून आमच्या भागात मरणाविषयीची भूमिका बदलली ती केवळ विचारांनी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत एक श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. धर्म बदलताना मरणाचे विधी बदलायचे हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. त्यानंतर आठ आठवडेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, ते गेले. आणि दादरला त्यांच्या अंत्यसंस्काराच्या जागीच हजारो लोकांनी दीक्षा घेतली. आज परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांत कावळ्याची वाट न बघता त्रिशरण-पंचशील म्हणून माणसाला निरोप दिला जातो. आत्मा नाही, तरी निरोप आहे. किसा गोतमीला बुद्धानं मोहरी आणायला पाठवलं, जिथं कुणी मेलेलं नाही अशा घरची. ती रिकाम्या हातानं परतली. तिला परलोकाची लालूच दाखवली नाही, घरोघर फिरवलं. सांत्वनाची ही रीत देवाशिवाय चालते, आणि ती काही परदेशातून आलेली नाही.

मग नास्तिकाचं काय? इथं लोक नेहमी विचारतात की शेवटच्या क्षणी नास्तिक देवाचं नाव घेतोच की नाही. हा प्रश्न फार जुना आहे. ७ जुलै १७७६ ला बॉसवेल नावाचा धार्मिक गृहस्थ मरणाच्या दारातल्या डेव्हिड ह्यूमला भेटायला गेला, तो डगमगतोय का हे बघायला. ह्यूम थट्टामस्करीच्या मनःस्थितीत होता. अस्वस्थ होऊन परतला तो बॉसवेल! आपल्याकडचं उदाहरण घ्या. सावरकर कर्मकांड मानत नव्हते. १९६६ च्या फेब्रुवारीत त्यांनी अन्न-औषध सोडलं, २६ तारखेला गेले, विद्युतदाहिनीत दहन झालं, श्राद्ध नको म्हणून ठेवलं होतं. आणि १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनीही अन्न-औषध सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला. एक विज्ञाननिष्ठ, एक गीताप्रवचनं देणारा. दोघांचं राजकारण वेगळं, श्रद्धा वेगळी, मरण्याची रीत तीच. आमच्या जिंतूरजवळच्या नेमगिरीला जैनांची प्राचीन मंदिरं आहेत. सृष्टिकर्ता ईश्वर न मानणाऱ्या या धर्मात सल्लेखना शतकानुशतकं आहे. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयानं तिला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आस्तिक असा मरतो आणि नास्तिक तसा मरतो, ही वाटणी फार काळ टिकत नाही.

टिकत नाही, पण म्हणून श्रद्धेनं काही फरकच पडत नाही, असंही नाही. फरक पडतो तो मरणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्याच्या बाबतीत. आणि इथं आम्हाला आपल्या भागातल्या त्या मरणाविषयी बोललंच पाहिजे, ज्याच्याविषयी व्याख्यानांत बोलायचं टाळलं जातं.

मराठवाड्यात शेतकऱ्याची आत्महत्या झाली की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. घरात दहावं-तेरावं, आणि कचेरीत पंचनामा. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे मदत एक लाखाची: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी जमीन नावावर हवी, कर्ज हवं, ते थकलेलं हवं. मग समितीपुढे प्रकरण जातं आणि मरण "पात्र" किंवा "अपात्र" ठरतं. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल तर बाईचं कुंकू गेलेलं असूनही कागदावर अडचण येते. आणि ओसरीवर बसलेली माणसं काय म्हणतात? "नशिबात होतं. देवाची मर्जी. भोग सरले त्याचे."

मंडळी, हे शब्द दुष्टपणानं बोलले जात नाहीत. पण ते करतात काय ते बघा. ते सावकाराला सोडतात, बँकेला सोडतात, कापसाच्या भावाला सोडतात, आणि शेवटी देवालाही सोडतात. एकटी बाई अडकून राहते. आमच्यासारखी चार बुकं वाचलेली, देव न मानणारी माणसंही फार वेगळं करत नाहीत. आम्ही तिथं जाऊन हमीभाव आणि सिंचनाचं बोलतो. बोलणं खरं असतं, पण ज्या दिवशी ते बोललं जातं त्या दिवशी तिला त्याचा उपयोग नसतो. एकाच्या तोंडी प्रारब्ध, दुसऱ्याच्या तोंडी धोरण. तिला ओरडायला मात्र दोन्हीकडे जागा नाही.

जनीच्या त्या अभंगाकडे आम्ही परत परत जातो ते यासाठी. तो अभंग विधवा बाईच्या नावानं दिली जाणारी शिवी उलटवतो. नवरा गेला की तूच पांढऱ्या पायाची, असं जिला ऐकवलं जातं, तिच्या बाजूची एक बाई उठून देवाच्याच घरात ते वैधव्य फेकते. अभंग अस्सल जनीचाच की मागाहून कुणी तिच्या नावावर घातला, यावर वाद घालता येईल. जनीच्या गाथेत अशी भर पडलेली असू शकते. पण शतकानुशतकं तो लोकांनी जपला, गाळला नाही, हे उरतंच.

कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर याच मातीतले. तेव्हा कुरुंदा परभणी जिल्ह्यात होतं, आज हिंगोलीत आहे. उघड नास्तिक माणूस, १० फेब्रुवारी १९८२ ला वयाच्या ४९ व्या वर्षी गेला. पण धर्मग्रंथ वाचताना त्यांनी कधी नाक मुरडलं नाही; काय लिहिलंय ते आधी नीट वाचा, मग भांडा, ही त्यांची रीत. त्या रीतीनं जनी वाचली तर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो दोन्ही बाजूंना आहे. कीर्तनकारांना आमचं विचारणं असं, की तेराव्याच्या कीर्तनाला तुम्ही आत्म्याचं अमरत्व सांगता. जनीचा हा अभंग त्या दिवशी का घेत नाही? आणि नास्तिक मित्रांना असं, की विधी नको हे ठीक, श्राद्ध नको हेही ठीक. पण त्या बाईनं संताप करायचा तो कुणासमोर, कोणत्या शब्दांत, आणि तिच्या शेजारी त्या वेळी कोण बसणार?

यावर सभागृहात मतभेद असतील, असायला हवेत. प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं आहेत. मागच्या रांगेतल्या बायांनी आधी बोलावं.