कार्बनचे जंगल आणि गायरानाची ‘एक-ई’

परभणी जिल्ह्यात बसून जंगलावर लिहायचे म्हणजे आधी जंगल शोधावे लागते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा-कळमनुरीकडचे डोंगर त्याच्याबरोबर गेले. आमच्याकडे उरले ते जिंतूरच्या टेकड्यांवरचे आणि गंगाखेडकडे बालाघाटाच्या उतारावरचे विरळ रान. बाकी सारी गोदावरी-पूर्णेच्या काठची काळी जमीन, कापूस-सोयाबीनची, आणि गावागावाच्या कडेला पडलेले बरड माळ. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आमची गणना होते. अशा जिल्ह्यात मी कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना वनशास्त्राची ओळख करून देणारा विषय शिकवतो. ‘जंगले आणि हवामानबदल’ हा त्यातला एक पाठ आहे. या लेखात त्या पाठाची समीक्षा करायची आहे.

वाङ्मयाच्या त्रैमासिकात अभ्यासक्रमाची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, अभ्यासक्रम हीसुद्धा एक संहिताच असते. तिलाही निवेदक असतो, नायक असतो आणि तिच्यातूनही काही माणसे वगळलेली असतात. कथा-कादंबरीतून आपली माणसे का वगळली गेली हा प्रश्न आपण गेली पन्नास वर्षे विचारीत आलो. शास्त्राच्या पुस्तकाला तो प्रश्न आपण क्वचितच विचारला.

पाठातले विज्ञान साधे आहे. झाड हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेते, कार्बन खोडात, फांद्यांत, मुळांत साठवते. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, त्यावरून लाकडाचे वजन काढायचे, वाळलेल्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन धरायचा, त्याला ३.६७ ने गुणले की त्या झाडाने किती कार्बन डाय-ऑक्साइड धरून ठेवला ते कळते. मग पाठ धोरणाकडे वळतो. १९९७ चा क्योटो करार, २००८ ची राष्ट्रीय कृती योजना व तिच्यातले हरित भारत अभियान, २०१५ चा पॅरिस करार. २०३० पर्यंत जंगल व झाडे वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइड इतका जादा साठा निर्माण करू, असे वचन भारताने दिले आहे. २०२३ च्या वनस्थिती अहवालाप्रमाणे २००५ च्या तुलनेत त्यातला २२९ कोटी टन साठा झालेलाही आहे, आणि देशाच्या भूभागापैकी २५.१७ टक्के जमीन जंगल व झाडांनी झाकलेली आहे. या विज्ञानाशी माझे भांडण नाही. मे महिन्यात परभणीच्या उन्हात खडी फोडणाऱ्या बाईला तापमानवाढ समजावून सांगावी लागत नाही.

माझे भांडण निवेदकाशी आहे. तो कोठून बोलतो? तो उपग्रहातून बोलतो. वनस्थिती अहवालाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर वा अधिक जमिनीवर झाडांच्या शेंड्यांनी दहा टक्के सावली धरली की ते वनाच्छादन. मग ती जमीन कोणाच्याही मालकीची असो, कायद्याने ती काहीही असो, झाडे कोणत्याही जातीची असोत. म्हणजे निलगिरीची लागवड, आंब्याची बाग आणि मेळघाटचे सागवान एकाच रकान्यात. मोजणीच्या सोयीसाठी हे चालेलही. पण ‘मालकी न पाहता’ हे तीन शब्द मला वर्गात दरवर्षी अडवतात. या देशात मालकी न पाहता जमिनीकडे पाहणे कोणाला परवडते? ज्याच्या मालकीला कधी कोणी हात लावलेला नाही, त्यालाच.

एकदा प्रात्यक्षिकासाठी मुलांना घेऊन मी एका गावाच्या माळाला गेलो होतो. टेप घेऊन बाभळी मोजणे चालले होते. एक मुलगा, मातंग समाजातला, एका बाभळीजवळ थांबला आणि म्हणाला, “सर, ही कुणाच्या नावावर लिहायची?” नोंदवहीत तसा रकानाच नव्हता. झाडाची जात, घेर, उंची, एवढेच होते. मी म्हणालो, नावाची गरज नाही. तो म्हणाला, “आमच्या आज्यानं राखलेली हाय. पण तलाठी म्हणतो जमीन सरकारची.”

ते गायरान होते. तीन पिढ्यांपासून त्याचे घर तिथे मूग, तूर, तीळ पिकवत होते. बांधावरची बाभूळ आजोबांनी तोडू दिली नव्हती, कारण औताला लाकूड, चुलीला सरपण आणि शेळीला शेंगा तिच्यापासूनच मिळत. ती बाभूळ देशाच्या कार्बनच्या हिशेबात वृक्षाच्छादन म्हणून येते. ती राखणारा माणूस मात्र महसुलाच्या हिशेबात अतिक्रमणदार म्हणून येतो.

येथे ‘एक-ई’चा उल्लेख केला पाहिजे. गाव नमुना एक-ई म्हणजे सरकारी जमिनीवरील अतिक्रमणांची नोंदवही. मराठवाड्यातल्या गायरानाच्या लढ्यात काम केलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला हे नाव तोंडपाठ आहे. भूमिहीनाला जमीन कसत असल्याचा पुरावा हवा असेल, तर त्याने आधी आपण गुन्हेगार आहोत हे या वहीत लिहून घ्यायचे. दंड भरायचा, आणि दंडाची पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायची, कारण तीच उद्या हक्काचा कागद ठरते. ज्या घरात कोणाला वाचता येत नव्हते, त्या घरांतही या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्या घालून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. गुन्ह्याच्या कबुलीलाच हक्काचे रूप देणारा दुसरा दस्तऐवज मराठीत असेल असे मला वाटत नाही. आपल्या समीक्षकांनी आत्मकथनांबरोबर तोही वाचायला हवा.

या वहीमागचा इतिहास वनशास्त्राच्या पुस्तकात नाही. पडीक सरकारी जमीन अस्पृश्यांच्या वसाहतींसाठी राखून ठेवावी, तिच्यासाठी वसाहत आयोग नेमावा, अशी मागणी बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये घटनेच्या कलमांच्या भाषेत मांडली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली, ती याच पडीक जमिनीसाठी. त्यातून पुढे शासननिर्णय निघाले. १९७८ चा एक. मग २८ नोव्हेंबर १९९१ चा, ज्याने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. शताब्दी वर्ष सुरू झाले त्या दिवसाची ती मर्यादा होती. बीडच्या बाजूने एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून या प्रश्नाला जो जोर लावला, त्याने शेकडो गावांत दलितांचा नांगर गायरानावर टिकून राहिला. पण नियमित होणे ही गोष्ट फार थोड्यांच्या वाट्याला आली.

त्यानंतर २८ जानेवारी २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पंजाबातल्या एका गावात गावाचे तळे बळकावून त्यावर घरे बांधणाऱ्यांविरुद्धचा तो खटला होता. सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे हटवा, असे न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींसारखे अपवादही नमूद आहेत. महाराष्ट्राने १२ जुलै २०११ ला त्यावर शासननिर्णय काढला. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयातील प्रकरणाच्या निमित्ताने राज्यभर नोटिसा निघाल्या, त्याही गायरानावरच्या घरांना आणि शेतांना. तळे गिळणाऱ्या धनदांडग्यांवर उगारलेली काठी कोणाच्या पाठीवर पडली, हे गावात फिरल्याशिवाय दिसत नाही.

आता हवामानाच्या धोरणाकडे परत येतो, कारण या नोटिशीचा आणि त्या २५० कोटी टनांचा संबंध आहे. जादा साठा करायचा तर जादा झाडे लावायला जमीन लागते. ती कोठून यायची? ज्याच्याकडे सातबारा आहे त्या बागायतदाराची तर नक्की घेणार नाहीत. पाठ्यपुस्तक उत्तर देते: पडीक व अवनत जमीन. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली तेव्हाही उत्तर हेच होते, आणि तिच्यामागे हिशेब असा होता की, खेड्यातल्या माणसाची सरपणाची गरज गावच्या जमिनीवर भागवावी, म्हणजे खरे जंगल उद्योगांना मोकळे राहील. १९८५ मध्ये तर ‘पडीक जमीन विकास मंडळ’च स्थापन झाले. माळांवर निलगिरी, ग्लिरिसिडिया लागल्या. शेळी तोंड लावणार नाही अशी झाडे लावणे सोयीचे, म्हणून. ज्या माळावर शेळीच जगते, तिथे शेळीने खाऊ नये अशी झाडे लावायची, याला सामाजिक म्हणायचे!

‘पडीक’ हा एकच शब्द दोन तोंडांतून येतो. बाबासाहेबांच्या आणि दादासाहेबांच्या तोंडी त्याचा अर्थ होता, जिच्यावर भूमिहीन उभा राहू शकेल अशी जमीन. धोरणाच्या तोंडी त्याचा अर्थ आहे, जिच्यावर कोणी नाही अशी जमीन. शास्त्रदृष्ट्याही हा दुसरा अर्थ कच्चा आहे. कोरड्या प्रदेशातल्या गवताळ माळाचा कार्बन मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो; तिथे खड्डे खोदून रोपे लावली म्हणजे साठा वाढलाच असे होत नाही. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले आश्चर्याने पाहतात, कारण गवत हे त्यांच्या पुस्तकात जंगलाच्या अभावाचेच नाव आहे.

नुकसानभरपाईच्या वनीकरणाची रीत याहून सरळ आहे. खाणीसाठी, धरणासाठी जंगल तोडले की तेवढी बिगरजंगल जमीन वनखात्याला द्यायची आणि तिच्यावर झाडे लावायची. त्या जिल्ह्यात जमीन मिळाली नाही तर राज्यात अन्यत्र पाहता येते. २०१६ च्या कायद्याने त्याच्या निधीला स्वतंत्र व्यवस्था दिली. २०२२ च्या नियमांनी जमिनीच्या साठ्याची, म्हणजे ‘लँड बँके’ची, वाट रुंद केली. कागदावर याचा अर्थ असा होतो की, पूर्वेकडच्या एखाद्या आदिवासीच्या जंगलाचे प्रायश्चित्त मराठवाड्यातल्या दलिताच्या गायरानावर घेता येईल. झाडे लागली की ती जमीन वनखात्याची. २००६ च्या वनहक्क कायद्यात जावे तर बिगरआदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीची पंचाहत्तर वर्षे दाखवावी लागतात, म्हणजे १९३० पासूनची. १९३० साली परभणी निजामाच्या राज्यात होती आणि महाराच्या, मांगाच्या नावाने माळाची नोंद कोण करीत होते? आणि झाडांचेच कशाला? शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सौर योजनेसाठीही गायरानाकडेच बोट जाते. हवामानाचा उपाय कोणताही असो, जमीन तीच.

वनधोरणाची मराठीतली पहिली मूलगामी समीक्षा मला जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सापडते. १८७८ चा जंगल कायदा आला आणि १८८३ मध्ये जोतीरावांनी लिहिले, की उंबर-जांभळाची फळे, पळस-मोहाची फुलेपाने, लाकूडफाटा आणि गायरानाच्या भरवशावर पाळलेल्या गाई-शेळ्या यांवर जगणाऱ्या गरिबाचा आधार सरकारच्या नव्या जंगलखात्याने डोंगरदऱ्यांबरोबर पडीत जमीन व गायरानेही आत घेऊन काढून घेतला. पाच वर्षांत त्यांनी ओळखलेली ही गोष्ट दीडशे वर्षांनंतरच्या वनशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाही. ब्रँडिसचे नाव आहे, फुल्यांचे नाही. अर्थात जोतीरावांचा गरीब हा थोडे तरी शेत असलेला कुणबी आहे. ज्याला शेतच नाही तो त्या परिच्छेदात त्याच्या मागे उभा आहे. त्याच्यापर्यंत यायला आपल्याला १९८० चे ‘उपरा’ लागते. लक्ष्मण माने यांच्या कैकाडी माणसांना टोपलीसाठी ओढ्याकाठचे फोक हवे असतात. फोक, केरसुणीची शिंदी, दोराचे केकताड, कातडे कमावण्याची तरवडाची साल: हे सर्व पुस्तकात ‘गौण वनोपज’ या मथळ्याखाली येते. चार जातींचे पोट ज्यावर चालले ते गौण. प्रधान कोण, तर सागवान.

दोष केवळ त्यांचाच नाही. खेडे सोडा, शहर गाठा, हा बाबासाहेबांचा संदेश आपण घेतला आणि तो योग्यच होता. पण त्यामुळे रान, झाड, पाऊस हे विषय आपण सवर्णांच्या निसर्गकवितेला आंदण दिले. पर्यावरण म्हटले की आपला कार्यकर्ता अजूनही हसतो. गायरानावर नांगर धरणाऱ्यांतही बौद्ध आणि मातंग वेगवेगळ्या मोर्चांनी जातात, आणि मेंढरे घेऊन येणारा धनगर दोघांनाही शत्रू वाटतो. दरम्यान ऋतू बदलले. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा अतिवृष्टीने बुडाला तेव्हा पंचनामे सातबाऱ्यावर झाले. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याचे पीक पाण्याखाली जाऊनही गेले नाही. पीकविमा नाही, भरपाई नाही. आणि सोयाबीन कुजल्यावर काढणीची मजुरी बुडालेल्या बाईचा पंचनामा करायला तर नमुनाच नाही.

त्या बाभळीनंतर मी प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत तीन रकाने वाढवले: जमीन कोणत्या नोंदीखाली आहे, कोण कसते वा चारते, झाड कोणी राखले. पहिल्या वर्षी बहुतेक मुलांनी ते कोरे सोडले. दुसऱ्या वर्षी काहींनी तलाठ्याकडे जाऊन नमुना एक-ई पाहायला मागितला. एका गावी मिळाला, दोन गावी ‘साहेब नाहीत’. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी ते रकाने पाहून विचारले, हे समाजशास्त्र कशाला? मी त्यांना म्हटले, कार्बन किती काळ साठून राहील हे झाडावर जितके अवलंबून आहे, तितकेच ते झाड तोडू न देणाऱ्या माणसाला तिथे राहू देतात की नाही यावर आहे. तेव्हा हे वनशास्त्रच आहे. त्यांनी गुण कापले नाहीत, पण शेरा लिहिला: अभ्यासक्रमाबाहेरील मजकूर.

तो मुलगा पदवी घेऊन आता स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागला आहे. वनसेवेचा अर्जही त्याने भरला आहे. त्याच्या घराला आलेली नोटीस आणि आज्याच्या दंडाच्या पावत्या त्याने एकाच पिशवीत ठेवल्या आहेत.